कंदिलाला झबलं

आमच्या हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आणि मी, दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कंदिलाला झबलं शिवलं. बरोबर वाचलंत. तान्ह्या पोराला घालतात ते झबलं. कंदिलाला.

शिवत ती होती. मी नुसता सुईत दोरा ओवून दिला, कारण तिला आता सुईचं भोक दिसत नव्हतं. आणि ओवता ओवता त्या नेमगोंडाला शिव्या घातल्या, कारण हे झबल्याचं खूळ त्याचं.

नेमगोंडा आमचा शेजारी. शुक्रवार पेठेत पंचगंगेकडं उतरणारा एक बोळ आहे, त्यात एका आढ्याखाली आमची दोन बिऱ्हाडं. मधली भिंत मातीची, आणि तीही वरपर्यंत गेलेली नाही. वरनं वारा यायचा, वास यायचा आणि नेमगोंडाचा आवाज यायचा. माणूस मूळचा कुरुंदवाडचा, जैनाचा. अंगानं बांबूसारखा, उंच आणि वाळका. डोक्याला पिवळा रुमाल, खांद्यावर कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं. बाजारात बसून ते तुकडे विकायचा. घरात बायको नाही, पोर नाही, मांजरसुद्धा नाही.

जैन मंडळी पाणी गाळून पितात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हा उजेडही गाळायचा.

"पाणी गाळून पिताय न्हवं? मग उजेड का न्हाय गाळून घेत?" असं तो ज्याला त्याला विचारायचा. ओळख असो, नसो. "पावणं, जरा थांबा. काल तुमच्या कंदिलावर किती जीव जळलं, बघितलासा का?" आणि पावणं बिचारं डोक्यावर घोंगडं घेऊन पावसात उभं.

पावसाळ्यात वाळवीला पंख फुटतात आणि ती उजेडावर धावते. नेमगोंडानं त्यावर तोड काढली. पातळ मलमलीचं झबलं, वर कंदिलाची दांडी बाहेर यायला भोक, खाली दोन बंद. किडा कापडावर बसतो, काचेवर जात नाही, जळत नाही. उजेड पडतो तो असा, की ताटात भाकरी आहे का पोळी, ते हातानं बघावं लागतं. तरी सगळ्या बोळानं झबली घेतली. फुकट होती ना. परटिणीच्या कंदिलाचं झबलं एकदा पेटलं. तिनं ते कंदिलासकट गटारात फेकलं आणि ह्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी हा नवं झबलं घेऊन तिच्या दारात. "तुमी बंद घट्ट बांधला असणार, मावशी. सैल बांधायचा. काच तापती की."

आमच्या बोळात नागडा कंदील एकच उरला. माझा.

आणि गंमत अशी, की ह्या शहाण्याच्या स्वतःच्या घरात पावसाळ्याचे चार महिने दिवाच नसायचा. दिस बुडायच्या आत जेवायचा आणि अंधारात घुबडासारखा बसून राहायचा. तसे आमचे दिवे तरी कुठं धड होते म्हणा. जर्मनची लढाई चालू होती. राकेल मिळायचं तेच मुश्किलीनं, आणि मिळालं तर निम्मं पाणी असल्यासारखं. काड्या सादळलेल्या. झड लागली की कौलांतनं असा वारा घुसायचा, की ज्योत जरा थरथरली म्हणेपर्यंत गेलीच.

दिवा गेला रे गेला, की भिंतीवरनं आवाज: "गेला काय? लई झ्याक झालं! वाचलं बिचारं!"

किडे वाचले म्हणून आनंद. आम्ही माणसं चाचपडतोय, त्याचं काही नाही.

मग तो आमच्या हौसाला अंधारात चालवायचा.

"तंगी, हलू नगंस. काड्याची पेटी कुठं हाय?"

"चुलीम्होरच्या कोनाड्यात, अण्णा."

"मग डाव्या हातानं भित धर. आता उंबरा यील. आला?"

"आला."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. म्हणजे माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझा उंबरा कुठं आहे हे भिंतीपलीकडचा माणूस सांगणार! आणि ती पोचायची, हे आणखी वाईट. मी सांगितलेल्या वाटेनं गेली, की घागरीवर आपटायची.

त्याच्या नादानं तिनं सगळं घर हलवलं. मीठ इथं, पळी तिथं, भाकरीची दुरडी चुलीच्या उजव्या अंगाला. इंचभर इकडंतिकडं चालायचं नाही. "हाताला डोळं असाय पायजेत, अण्णा म्हणत्यात." अण्णा म्हणत्यात! लगीन माझ्याशी लावलं आणि म्हणणार अण्णा. पुढं पुढं तर दिवा जाणारच म्हणून जेवणसुद्धा उजेडी व्हायला लागलं. महाराजांनी गुळाची पेठ वसवली तेव्हापासून मी तिथं काट्यावर गूळ तोलत आलो. घरी यायचो ते दिवेलागणीला. बघतो तर भाकरी गार, आमटी गार, आणि ही ढेकर देऊन बसलेली.

"तुमीबी लवकर या की."

"पेठ काय नेमगोंडाच्या बापाची हाय?"

पेठेत माझ्या बरोबरीचे लोक मुकादम झाले. मी जळलो नाही. भावाला वाटणीत विहिरीकडचं रान गेलं, तेव्हाही जळलो नाही. पण ह्या वाळक्या माणसावर मी जळत होतो. अजून जळतो, खोटं कशाला बोलू? आणि तो मला म्हणायचा काय, तर दाजी. बहिणीचा नवरा म्हणून.

"मी तुजा दाजी न्हवं," मी म्हणायचो.

"बरं, दाजी."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एकदा मी हौसाला सरळ म्हटलं, "त्यो एवढा शाणा वाटतोय, तर जा की भितीपलीकडं."

ती हसली. म्हणाली, "तिकडं दिवा कुठं हाय?"

तर ती शेवटची संध्याकाळ. पाऊस लागलेला. नेमगोंडाचे डोळे आता शिवणाला पुरत नव्हते, म्हणून झबली शिवायचं काम त्यानं हौसाच्या गळ्यात मारलेलं. हौसाचे पुरत नव्हते, म्हणून सुई माझ्या हातात. परटिणीच्या कंदिलाचं झबलं चाललं होतं.

"दोरा लई लांब ओवलाय तुमी. गुंता हुतोय."

"मग तुज्या अण्णाला सांग ओवाय."

"त्यास्नी दिसत असतं, तर तुमची मनधरणी कशाला केली असती?"

एक बंद शिवून झाला. दुसऱ्याला तिनं हात घातला आणि वाऱ्यानं कंदील गेला.

"गेला काय?" भिंतीवरनं आवाज.

"गेला, अण्णा," हौसा म्हणाली. सुई झबल्यात टोचली, अंधारातच झबलं कोनाड्यात ठेवलं, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू," म्हणाली आणि आडवी झाली.

सकाळी ती उठली नाही.

लेक इचलकरंजीला दिलेली. नदीला पूर, वाट बंद, तिला निरोपसुद्धा पोचला नाही. बोळातल्या माणसांनी आणि मी, पावसातच नेली हौसाला. मला रडू येईना. आणि हा नेमगोंडा असा रडला, असा रडला, की बायका माझ्याकडं यायच्या सोडून त्याच्याकडं गेल्या. परटीण म्हणाली, "अण्णा, धीर धरा." माझी बायको गेली, आणि धीर त्यानं धरायचा!

मी तिथंच ओरडलो, "ए नेमगोंडा! रडायचा मान माजा हाय."

तो गप्प झाला. रुमालानं डोळे पुसले आणि बाजूला सरला. "बरं, दाजी. तुमी रडा."

आता सगळा बोळ माझ्या तोंडाकडं बघतोय. मग तर मुळीच येईना.

आमच्यात एक रीत आहे. माणूस गेलं त्या जागी पीठ पसरायचं, त्यावर पाटी पालथी घालायची आणि शेजारी पणती लावायची. पणती सकाळपर्यंत जळत राहिली पाहिजे, नाहीतर गेलेल्या माणसाला वाट दिसत नाही. सकाळी पाटी उचलून बघायचं. पिठावर ज्या जिवाचा ठसा, त्या जन्माला माणूस गेलं.

दिवेलागणीला मी पणती लावली. काडी एकच धड निघाली, बाकीच्यांची गुलं नुसती खरवडून पडली. त्या दिवशी चूल पेटलेली नव्हती, म्हणजे विस्तवही नाही. ही पणती गेली की गेली. आणि वारा तर असा, की ज्योत आडवी झोपायची. वरनं कौल गळत होतं. मी दोन्ही हातांचा आडोसा करून बसलो. तेवढ्यात वाळवीची पाखरं आली. आणि पाखरांमागनं नेमगोंडा. दारात उभा, हातात उघडी छत्री.

"झबलं आणलं असशील," मी म्हटलं. "ह्या पणतीला हात लावशील तर तंगडं मोडीन."

"न्हाय आणलं," तो म्हणाला. "तंगीला आज उजेड गाळून कसा द्यायचा?"

आत आला. वाऱ्याच्या अंगाला बसला आणि घरात, आढ्याखाली, पणतीवर छत्री धरली. ज्योत सरळ झाली. दुसऱ्या हातानं उपरण्याच्या शेवटानं पाखरं हळूच बाजूला सारायला लागला. "जा बाळा, तिकडं जा. आज हितं यायचं न्हाय." एकेकाला समजावून सांगत होता.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "जेवलास?"

"दिस बुडाला की."

दिवसभर तो माझ्याबरोबर होता. म्हणजे पोटात काही नव्हतं, आणि आता उजाडेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नव्हता. मी दुपारी गुळाचा खडा तरी खाल्ला होता. बघा, उपास धरण्यातसुद्धा हा माझ्या पुढं!

मला राहवेना. "किड्यामुंग्यांवर एवढी माया, तर लगीन करून पोरंबाळं का न्हाय केलीस?"

तो पणतीकडंच बघत होता. म्हणाला, "माजी तंगी गेली तवाबी असाच पाऊस हुता. कुरुंदवाडात. एवढीशी हुती. मला अंधाराचं लई भ्या वाटायचं, म्हणून मी दिवा लावून बसल्तो. एक पाखरू आलं आणि जळलं. आईनं हंबरडा फोडला. म्हणली, पोरगी परत आल्ती रं, आणि तू दिवा लावून बसलास."

"तसं कुटं असतंय का," मी म्हटलं.

"नसतंय की. मलाबी कळतंय, दाजी. पण पाऊस लागला की काडी ओढाय हात धजत न्हाय."

"आणि भ्या?"

"अजून वाटतंय." तो ओशाळल्यासारखा हसला. "म्हणून तर तुमचा दिवा गेला की हाक मारायचो. तंगी 'गेला, अण्णा' म्हणायची. वाटायचं, हाय कुणीतरी अंधारात आपल्यासंगं."

एक पाखरू पणतीच्या काठावर बसलं. त्यानं ते उपरण्यावर घेतलं आणि दाराबाहेर सोडायला गेला. तेवढा वेळ छत्री माझ्या हातात दिली. मी धरली.

सकाळी पणती जळत होती.

पाटी मी उचलली, तो शेजारी वाकला. पिठावर एक बारीक रेघ उमटली होती, दोऱ्याएवढी. मुंगीची म्हणावी तर ठसठशीत, पाखराची म्हणावी तर नाजूक. मधनं निघाली होती आणि गेली होती भिंतीकडं. त्याच्या भिंतीकडं. माझं टाळकंच फिरलं.

"बघ! मेल्यावरसुद्धा तुज्याकडंच!"

नेमगोंडा आणखी खाली वाकला. त्या अधू डोळ्यांनी त्याला काय दिसलं, देव जाणे. बोट पिठावर न टेकवता फिरवत म्हणाला, "न्हाय, दाजी. भितीपतूर गेली, आणि ही हितं वळलीया, बघा. तुमच्या हातरुणाकडं."

मला काही वळलेलं दिसलं नाही. पण मी म्हटलं, "व्हय, वळलीया."

तो छत्री मिटून त्याच्या घरात गेला. मी कोनाड्यात हात घातला. न बघता झबलं हाताला लागलं. सुई तिनं टोचली तशीच होती. दोरा मी ओवलेला. लांबच होता खरा. दुसरा बंद मी शिवला, वाकडातिकडा. झबलं परटिणीचं होतं, पण परटीण काही पळून जात नाही. कंदील लावायची ती वेळ नव्हती. तरी मी माझ्या कंदिलाला झबलं घातलं आणि तो खुंटीला टांगला.

मग भिंतीकडं तोंड करून हाक मारली. अशी हाक मी आधी कधी मारली नव्हती.

"अण्णा, कंदिलाला झबलं घातलंय."

भिंतीपलीकडनं आवाज आला, "बंद सैल बांधलाय न्हवं, दाजी?"

घट्ट बांधला होता. सोडला, आणि सैल बांधला.