तिसरी कॉफी नक्की प्या!

जगात कुठेही जा, तिथं काय खायचं ते एल्दिनला विचारा! लिस्बनच्या कुठल्या गल्लीत मासे खावेत, टोकियोत सूप भुरकताना आवाज करावा की नाही, मोरोक्कोत पुदिन्याच्या चहाचे किती ग्लास झाले की नको म्हणावं, सगळं साहेबांना तोंडपाठ. प्रवाशांच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर कुणी प्रश्न टाकायचा अवकाश, हा त्राव्निकमधल्या आपल्या दिवाणावर लोळत तीन मिनिटांत उत्तर ठोकणार! आता तो स्वतः कुठवर गेलाय म्हणाल, तर नेउमपर्यंत. म्हणजे आमच्या बोस्नियाच्या वाट्याला जो चिमूटभर समुद्र आलाय ना, तिथवर. तिथंही त्याला ऊन लागलं आणि त्याच्या शेफिका आत्यानं तिसऱ्या दिवशी ओल्या टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. पण हे ग्रुपवर कशाला सांगा!

हे सगळं तो स्वतःच कपाळावर हात मारून मारून सांगतो हं, मी पदरचं काही घालत नाहीये. बरं, थोडंसंच घालतोय.

तर एक दिवस कुणीतरी विचारलं, "बोस्नियात काय चुकवू नये?" झालं! घरचं मैदान! एल्दिन ताडकन उठून बसला आणि लिहायला लागला. आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या मिळतात. पहिली स्वागताची. दुसरी गप्पांची. आणि तिसरी...

इथं बोट थांबलं. कारण तिसरी असते हाकलणी! खरं नाव सिक्तेरुशा, पण आपण सरळ हाकलणीच म्हणू. ती समोर आली की पाहुण्यानं काय ते ओळखायचं, दोन घोट घ्यायचे, "चला, निघतो" म्हणायचं आणि बूट शोधायचे. तोंडानं "आता जा" म्हणणं आमच्याकडे महापाप. ते काम कॉफी करते.

एल्दिनला वाटलं, हे जगाला कसं सांगायचं? लोक म्हणतील, बघा, यांच्याकडे पाहुणा घालवायचीसुद्धा कॉफी आहे! देशाच्या अब्रूचा प्रश्न! मग त्यानं काय लिहावं? "तिसरी कॉफी फक्त जिवलगांना मिळते. ती मिळाली की समजा, तुम्ही त्या घरचे झालात. तिचं नाव सिक्तेरुशा. ती प्यायल्याशिवाय बोस्निया सोडू नका!"

नऊशे हार्ट आले, नऊशे! लिस्बनच्या माशाला चौदा आले होते.

पाठोपाठ हॉलंडच्या पिम आणि लिके नावाच्या नवराबायकोचा निरोप. "शनिवारी त्राव्निकला येतोय. तिसरी कॉफी कुठे मिळेल? बोस्नियात आल्यापासून तीन हॉटेलांत मागितली, तिन्हीकडे वेटर हसून लोळले."

तेव्हा तरी गप्प बसावं की नाही? पण नऊशे हार्ट डोक्यात गेलेले! "आमच्याच घरी या," म्हणाला. "अकराला!"

हे कळल्यावर मेलिहानं फोनवरूनच त्याचा कान धरला. मेलिहा म्हणजे एल्दिनचं काळीज. दोन वर्षं लग्न अडलंय, कारण तिचे बाबा हासिबकाका. रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाले, पण अजूनही समोरच्याकडे तो बिनतिकीट चढल्यासारखंच बघतात.

"अरे शहाण्या, शनिवारी बाबा येणार आहेत ना! घर बघणार, माणसं बघणार आणि हो की नाही ते तिथंच सांगणार!"

"ते साडेतीनला. माझी माणसं एकला जातील."

"गेली नाहीत तर?"

"मेलिहा, आत्याच्या तिसऱ्या कॉफीपुढं आजवर कुणी टिकलंय का?"

शनिवारी बरोब्बर अकराला बेल वाजली. दारात चार जण! पिमनं भाऊ आणि भावजयही आणले होते. चौघंही कवाडाएवढे उंच. बूट काढून आत आले तर दिवाणखान्यात नुसते गुडघेच गुडघे!

आत्या मात्र खूश. पहिली कॉफी झाली. दुसरी झाली. सारण भरलेल्या खमंग पिटा झाल्या, लोकुमची मिठाई झाली. पिम म्हणाला, "हा चीजचा बुरेक फार सुंदर आहे!"

एल्दिननं भाषांतर करताच आत्यानं छातीवर हात ठेवला. "चीजचा बुरेक? बुरेक खिम्याचा! फक्त खिम्याचा! चीज घातलं की ती पिटा! यांना घरी कुणी काही शिकवलं नाही का?"

"काय म्हणतात त्या?" पिमनं विचारलं.

"आणखी घ्या म्हणते."

घेतला की त्यानं! आणि "बुरेक! बुरेक!" म्हणून पोटावर हात फिरवला.

बरोबर एकला आत्या तिसरी घेऊन आली. तांब्याची किटली, इवलेसे कप. ठेवताना तिनं ट्रे मुद्दाम जरा वाजवला. एवढं आमच्या गावात पुरतं. आमचा मौलवीसुद्धा त्या आवाजाला उठतो.

पिमनं हळूच विचारलं, "ही... तीच का?"

एल्दिननं मान हलवली. दुसरं काय करणार!

चौघं उभे राहिले! आत्याला वाटलं, निघाले बिचारे. तिनं बुटांकडं नजरही टाकली. तर लिके डोळे पुसत आली आणि आत्याच्या गळ्यात पडली! मग चौघंही पुन्हा बसले. आणि कसे? घरच्यासारखे! पिमनं पट्टा सैल केला. भावानं पाय वर घेतले आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. भावजयीनं फ्रिज उघडून दूध शोधलं. लिके आत्याचा एप्रन बांधून भांडी घासायला उभी राहिली.

आत्यानं एल्दिनला स्वयंपाकघरात ओढलं. "हे काय? अरे, तिसरी दिली मी!"

"दिलीस."

"मग उठत का नाहीत?"

"कदाचित... पातळ झाली असेल."

आपण एवढे नीच असू हे एल्दिनला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं! आत्याच्या कॉफीला पातळ म्हणणं म्हणजे काय हो! तिनं दात-ओठ खाऊन दुसरी हाकलणी केली, डांबरासारखी. चौघांचे डोळे पुन्हा भरले. तिसरी केली, पिमनं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. अडीच वाजता चौथी! पिमचा हात असा थरथरत होता की कप आणि बशी मिळून ताशा वाजत होता.

शेवटी एल्दिननं धीर केला. "माझी आत्या जरा दमलीये..."

"अरेरे!" लिके म्हणाली. "त्यांना झोपू दे. रात्रीचं जेवण मी करते!"

आणि साडेतीनला बेल वाजली.

हासिबकाका आत आले. मागं मेलिहा, चेहरा पांढराफटक. काकांनी आधी दारातले होड्यांएवढे चार जोडी बूट बघितले. मग दिवाणावर घोरणारा माणूस बघितला. मग एल्दिनकडे वळले. तिकीट दाखव!

"हे कोण?"

एल्दिन तोंड उघडणार, तोवर पिम छाती फुगवून पुढं आला आणि सकाळी शिकलेल्या आमच्या भाषेत म्हणाला, "आम्ही घरचे!"

"मेलिहा," काका शांतपणे म्हणाले, "याला आत्याशिवाय कुणी नातलग नाही म्हणाली होतीस ना?"

"बाबा, बसा तरी!"

काका बसले. आत्या पहिली कॉफी करायला वळली तर किटली जागेवर नाही! ती लिकेच्या हातात. मघापासून ती बघत होती, हा माणूस फार मोठा दिसतोय, सगळे त्याला घाबरतायत, तर याला सर्वांत मोठा मान द्यायला हवा. ती दोन्ही हातांनी ट्रे घेऊन आली, काकांसमोर वाकली आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी म्हणाली, "सिक्तेरुशा!"

अहो, घोरणारासुद्धा जागा झाला!

माणूस पहिल्यांदा घरात येतो, खुर्ची अजून गरम व्हायचीय, आणि त्याच्यापुढं हाकलणी! तीही नाव घेऊन! आत्या भिंतीला टेकली. मेलिहानं डोळे मिटले. काकांची मिशी एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. ते उठायला लागले.

"काका, थांबा!" एल्दिन ओरडला. "चूक माझी आहे!"

आणि मग सगळं ओकला तो. आधी आमच्या भाषेत, मग इंग्रजीत. ग्रुप, नऊशे हार्ट, देशाची अब्रू. "आणि काका, मी लिस्बनलाही गेलेलो नाही!"

"ते कुणी विचारलं?" मेलिहा पुटपुटली.

आत्याचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे माझी कॉफी पातळ नव्हती!"

इंग्रजी ऐकून चौघा डचांनाही उलगडा झाला. मग पिम घामाघूम होऊन खाली बसला. "म्हणजे आम्ही जायचं होतं? अहो, आम्हाला बारालाच जायचं होतं! यायत्सेचा धबधबा बघायचा होता! चौथ्या कॉफीपासून माझं काळीज कानात वाजतंय, पण घरच्यासारखं मानणाऱ्यांना सोडून निघायचं कसं? सरळ सांगायचं ना!"

"म्हणजे कसं?"

"आमच्याकडे सांगतात. आता आमची जेवायची वेळ झाली, तुम्ही घरी जा."

एल्दिननं भाषांतर केलं. काका अर्धे उठलेले होते, ते पुन्हा टेकले.

"तोंडावर सांगतात?"

"तोंडावर."

"मग पाहुणा काय करतो?"

"जातो."

"रागावत नाही?"

"नाही म्हणतोय. पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणे."

"कसे दिवस काढत असतील बिचारी!" आत्याला इतकी कीव आली की तिनं चौघांना वाटेसाठी पिटा बांधून दिल्या. चार जोडी होड्या दारातून बाहेर पडल्या. लिके कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत होती.

घरात राहिलं कोण? काका आणि त्यांच्यापुढचा तो कप.

"ही ओतून टाक," काका म्हणाले. एल्दिननं धावत जाऊन नवी आणली. काकांनी कपाकडं बघितलं. "ही कितवी?"

"पहिली, काका!"

ती संपली. आत्यानं आणखी एक केली.

"ही कितवी?"

आता दुसरी म्हणावं, तर पुढची तिसरी होणार. एल्दिन घाईघाईनं म्हणाला, "पहिलीच!"

काकांनी मान डोलावली आणि रेल्वेतल्या गोष्टी सुरू केल्या. झेनित्सातली बिनतिकीट बाई. कोंबड्यांची पेटी. कोंबड्यांचं तिकीट असतं की नसतं. पाच वाजले, सहा वाजले. दर कपाला "ही कितवी?" आणि दर कपाला "पहिली!"

"अरे, पुढं मोज की!" आत्या स्वयंपाकघरात कुजबुजली. डबा तळाला लागला होता.

"मोजलं तर लग्न मोडेल, आत्या!"

सातला काका उठले. दारात बसून सावकाश बुटाच्या नाड्या बांधल्या. "मेलिहा, मुलगा गाढव आहे."

"बाबा!"

"थापाड्या आहे. कुठं गेलेला नाही, काही बघितलेलं नाही." दुसऱ्या बुटाची गाठ बसली. "पण याला घरातून कुणाला घालवताच येत नाही. चार परके बसले तरी नाही, मी बसलो तरी नाही. तुला काय घालवणार हा! करा लग्न."

मेलिहा रडायलाच लागली. एल्दिन बुटांच्या फळीवर मटकन बसला. त्याला वाटलं, आपल्यासारखा भाग्यवान कुणी नाही!

काका वळले. "आणि हो. आता घरचेच झालो. दर शनिवारी येत जाईन. रविवारीही."

दार लागलं. आत्यानं कॉफीचा रिकामा डबा उपडा करून बघितला. मग एल्दिनच्या हातात त्याचा फोन ठेवून म्हणाली, "त्या हॉलंडवाल्यांना लाव. तोंडावर नेमकं काय म्हणतात, ते शब्दन्‌शब्द लिहून घे."