भुजंगरावांच्या खिडकीतली रेंज

"आता त्यात चिंच घाला, पण त्याच्या आधी..." एवढं बोलून मंजुश्रीबाईंचा आवाज गेला.

उमाशंकरअप्पा चिंचेची वाटी हातात धरून गॅससमोर उभे राहिले. आधी काय करायचं ते कळायला मार्ग नव्हता. फोनवर एक पांढरं चाक गरगर फिरत होतं. ते थांबेपर्यंत कढईतली वांगी खालून करपली. शेवटी अप्पांनी 'आधी'चं सोडून दिलं, 'नंतर'चं घातलं आणि तसंच जेवले. जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत गेले, तेव्हा फोन आपोआप लागला.

"पाणी घातलं का आधी?" मंजुश्रीबाईंनी विचारलं.

"घातलं की," अप्पा म्हणाले, आणि तांब्याभर पाणी प्याले.

मंजुश्रीबाई दिवाळीच्या सुमारास लेकीच्या, साक्षीच्या, बाळंतपणाला हैदराबादला गेल्या होत्या. सव्वा महिन्यात येते म्हणाल्या होत्या. मग बाळाला कावीळ झाली. मग साक्षीची सासू न्हाणीत पाय घसरून पडली. मग थंडी वाढली. आता लातुरात उन्हं तापायला लागली होती आणि मंजुश्रीबाई अजून हैदराबादेतच होत्या. अप्पा बाजार समितीतून निवृत्त झालेले. सकाळी गोलाईच्या बाजारापर्यंत एक चक्कर, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर खुर्ची. बाकीचा वेळ त्यांच्या अंगावर यायचा.

गल्लीतले सगळे म्हणत, अप्पा, मेसचा डबा लावा. अप्पा म्हणायचे, डब्यातलं वरण पाण्यासारखं असतं. खरी गोष्ट वेगळी होती. सुरुवातीला मंजुश्रीबाईंचा फोन यायचा तो असा: "जेवलाव का? गोळी घेतली का? ठेवते, बाळ उठलंय." पण अप्पांनी स्वयंपाक शिकायचं काढलं तेव्हापासून फोन लांबला होता. डाळ शिजायला वेळ लागतो. डाळ शिजेपर्यंत बायको फोनवर असते, हा शोध अप्पांना लागला होता आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

अडचण घराची होती. अप्पांचे वडील शिवप्पा यांनी हे घर भूकंपानंतर बांधलं. गवंड्याला त्यांनी एकच सांगितलं होतं, घर हललं न्हाई पाहिजे. गवंड्यानं हात राखला नाही. भिंतीत एवढी सळई आणि एवढं सिमेंट गेलं, की शेजारच्या लग्नाचा बँड आत येईपर्यंत कुणीतरी लांब डबा वाजवतंय असं वाटायचं. पुढची खोली, मधली खोली आणि मागं स्वयंपाकघर अशी एका रांगेत घराची मांडणी. वाय-फायची पेटी पुढच्या खोलीत, कारण खांबावरची वायर तिथंच येत होती. स्वयंपाकघरात वाय-फाय पोचत नव्हतं आणि मोबाईलच्या रेंजनं तर त्या खोलीत कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

अप्पा गोलाईतल्या सुदर्शनच्या मोबाईलच्या दुकानात गेले. सुदर्शननं त्यांना एक्स्टेंडर नावाची साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी दिली. "ह्यानं रेंज वाढती, काका. नुसतं बोर्डात खोसायचं."

अप्पांनी घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या बोर्डात खोसली. फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरल्या. अप्पांनी आनंदानं हैदराबादला फोन लावला. फोन लागला नाही. पुन्हा लावला, तरी लागला नाही. कांड्या मात्र ऐटीत उभ्या होत्या.

"काका, पेटी रेंज तयार करत नसती," दुसऱ्या दिवशी सुदर्शन म्हणाला. "तिला आधी मिळायला पाहिजे, मग ती पुढं देती. स्वयंपाकघरात तिलाच काही मिळंना, तर तुम्हाला काय देईल? मधल्या खोलीत लावा."

मधल्या खोलीत एकच बोर्ड होता, देवघरावरच्या दिव्याचा. अप्पांनी महादेवाला हात जोडले, दिव्याची पिन काढली आणि तिथं पेटी खोसली. थोडी रेंज आली, पण दोन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले तरच. उंबऱ्यात फोन आणि आत गॅस. मंजुश्रीबाई "हलवा" म्हणाल्या की अप्पा फोन उंबऱ्यावर ठेवून आत पळायचे, हलवायचे आणि परत यायचे. तोवर तिकडून पुढचं सांगून संपलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावरच्या फोनला पाय लागून काच तडकली.

"आता तुमच्या तोंडावरनं रेघ गेल्यासारखी दिसतीय," मंजुश्रीबाई म्हणाल्या.

"रेघ माझ्याकडं आहे. तुला कशी दिसंल?"

"मग तुमचंच तोंड तसं झालंय."

सुदर्शननं दुसरा उपाय सांगितला. भिंतीतून वायर आत न्यायची. त्यासाठी भोक पाडणारा माणूस आला. त्यानं मशीन लावलं, आवाज झाला, धूळ उडाली आणि पातं तुटलं. त्यानं दुसरं लावलं. तेही तुटलं. त्यानं भिंतीला हात लावून बघितलं.

"अप्पा, ही भिंत हाय का धरण?" म्हणाला आणि सामान गोळा करून निघून गेला.

मग अप्पांनी फोन हातात धरून घराभोवती फिरायला सुरुवात केली. फिरता फिरता घराच्या डाव्या अंगाच्या बोळात आले आणि थबकले. बोळात रेंज भरपूर होती. पुढच्या खोलीची खिडकी बोळात उघडायची आणि वाय-फाय तिच्यातून बाहेर पडत होतं. स्वयंपाकघराची खिडकीही त्याच बोळात, फक्त मागच्या टोकाला. म्हणजे त्या दोन्ही खिडक्या जिथून दिसतात अशा जागी पेटी ठेवली, की काम झालं. अशी जागा एकच होती. बोळाच्या पलीकडची खिडकी. ती भुजंगरावांच्या स्वयंपाकघराची होती.

अप्पा आणि भुजंगराव एकमेकांशी बोलत नव्हते. दुष्काळाच्या वर्षी टँकरचा पाईप आधी कुणाच्या हौदात, ह्यावरून जे झालं, ते झालं. तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की एक जण चप्पल बघायचा आणि दुसरा आभाळ. मधल्या काळात भुजंगरावांची बायको साखराबाई गेली. अप्पा स्मशानात गेले होते, पण मागं उभे राहून परत आले. भुजंगराव मूळचे जळकोटकडचे. शेती बटईनं दिलेली, एकुलता मुलगा नोकरीला बेंगळुरात, आणि दारावर रोज मेसचा डबा.

दोन दिवस अप्पांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी पेटी घेऊन भुजंगरावांचं दार वाजवलं.

भुजंगरावांनी दार उघडलं. अप्पांकडं बघितलं, मग पेटीकडं.

"काय हाय हे?"

"रेंजची पेटी हाय. तुमच्या खिडकीत ठेवावी लागती."

"माझ्या? का?"

अप्पांनी सगळं सांगितलं. भिंत सांगितली, वांगी सांगितली, तडकलेली काच सांगितली. इतकी वर्षं न बोललेला माणूस एका दमात इतकं बोलून गेला, ह्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. भुजंगरावांनी ऐकून घेतलं.

"ठेवा," ते म्हणाले. "बोर्डाचं बटण कडक हाय. दाबून लावा."

पेटी लागली आणि अप्पांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा मंजुश्रीबाईंचा आवाज न तुटता आला. अप्पांनी फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला, कारण तिथं रेंज सगळ्यात चांगली होती, आणि कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण वाढवला. त्या दिवशी वरण झालं. ते बऱ्यापैकी वरणासारखं होतं.

चार-आठ दिवसांनी मंजुश्रीबाईंनी विचारलं, "अहो, तिकडं फोडणी दोनदा का ऐकू यायलीय?"

अप्पांनी कान दिला. तडतड खरंच दोन ठिकाणांहून येत होती. त्यांनी खिडकीतून बघितलं. बोळाच्या पलीकडं भुजंगराव पातेल्यासमोर पळी घेऊन उभे होते.

"भुजंगराव, तुम्ही काय करायलाव?"

"वहिनी सांगायल्यात तेच," भुजंगराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "आवाज येतोच हाय, तर म्हटलं करून बघावं. वहिनी, हळद फोडणीत का डाळीत?"

"फोडणीत," फोन म्हणाला. "आणि आच मोठी करू नका भावजी, करपंल."

तिथून फोनचा रंग बदलला. भुजंगराव हाताचे चपळ निघाले. त्यांची भाकरी आठवडाभरात फुगायला लागली. अप्पांची भाकरी नकाशासारखीच राहिली. भुजंगराव प्रश्न विचारायचे, शेपूत मुगाची डाळ किती घालू, शेंगा भाजून कुटायच्या का कच्च्या, आणि मंजुश्रीबाई रंगून उत्तरं द्यायच्या. अप्पांना प्रश्न सुचत नसत. "फोन जरा भावजींकडं वळवा बघू, त्यांची भाजी बघू द्या," असं त्या म्हणायच्या. अप्पा फोन गजातून बाहेर काढून बोळावर धरायचे. हात भरून यायचा. फोनमध्ये त्यांची बायको शेजाऱ्याच्या कढईकडं बघत असायची आणि अप्पा फोनच्या मागच्या बाजूकडं.

"भावजींच्या हाताला चव असंल असं वाटतंय," एकदा त्या म्हणाल्या.

"इथनं तुला चव कशी कळली?" अप्पांनी विचारलं. त्याला उत्तर आलं नाही, कारण मंजुश्रीबाई तेव्हा कोथिंबिरीबद्दल बोलत होत्या.

त्या संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसले होते. भुजंगराव वाटीत भाजी घेऊन आले. अप्पांनी चव घेतली. भाजी चांगली होती, आणि तेच त्यांना जास्त लागलं. भुजंगराव अप्पांच्या गच्चीकडं बघत होते.

"उमाशंकरराव, तुमच्या स्वयंपाकघराला धुराडं हाय ना? चुलीच्या वक्ताचं?"

"हाय. बुजवलेलं न्हाई."

"मग वायर वरनं का न्हाई नेत? गच्चीवरनं घ्यायची, धुराड्यातनं खाली सोडायची. भिंत फोडायचं कामच न्हाई. शेतात पाईप आम्ही असाच बांधावरनं नेतो." एवढं बोलल्यावर, वायर आली की आपल्या खिडकीतली पेटी जाणार, हे त्यांना कळलं असावं. ते वाटी घेऊन उठले. "म्हणजे, गरज असंल तर," म्हणाले.

गरज आहे असं अप्पांनी ठरवलं. दोन दिवसांत वायर गच्चीवरून धुराड्यातून खाली आली आणि तिच्या टोकाला स्वयंपाकघरात नवी पेटी बसली. अप्पा खिडकीतली जुनी पेटी आणायला गेले. भुजंगरावांनी ती पुसून, वायर गुंडाळून तयार ठेवली होती.

"लागली तर ठेवा," अप्पा उगीच म्हणाले.

"मला काय कामाची?" भुजंगराव म्हणाले. "मला कुठं फोन येतो?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी खिडकी लावून घेतली, डाळ चढवली आणि फोन ओट्यासमोरच्या फळीवर डब्याला टेकवून उभा केला. मंजुश्रीबाई अशा दिसल्या जणू समोर पाटावर बसल्यात. कानातल्या कुड्या दिसल्या, कपाळावरची विभूती दिसली. केस जास्त पांढरे झाले होते. ते अप्पांना आजच कळलं.

"अय्या, किती साफ दिसतंय," त्या म्हणाल्या. "भावजी कुठंयत?"

"त्यांची गरज न्हाई आता. वायर आणली."

"बरं केलं." मंजुश्रीबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. "अहो, मी सांगणारच होते. साक्षी पुढच्या महिन्यात कामावर जायलीय. बाळाला कुणाकडं ठेवायचं म्हणून रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, राहते मी. बाळ बालवाडीत जाईपर्यंत. आता तुम्हालाही करून खाता येतंय, आणि रोज असं समोर दिसणार असाल, तर मला घोर न्हाई. न्हाई का?"

अप्पांच्या हातात पळी होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. डोळ्यांत मात्र काहीतरी यायला लागलं, आणि चित्र इतकं साफ होतं की ते हैदराबादला दिसलं असतं. काय करावं ते सुचेना. तेव्हा अप्पा होते तसेच थांबले. पळी वर, तोंड अर्धवट उघडं, पापणी स्थिर.

"अहो?" मंजुश्रीबाई म्हणाल्या. "ऐकू यायलंय का? अहो?"

अप्पा हलले नाहीत.

"अडकलं वाटतं, आई," साक्षीचा आवाज आला. "कट करून परत लाव."

"असू दे," मंजुश्रीबाई म्हणाल्या. त्यांनी फोन जवळ घेतला. "बघू दे जरा. चालू असलं की तोंड सारखं इकडंतिकडं फिरवतेत." त्या बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "किती वाळलेत गं. बनियनच्या खांद्याला भोक पडलंय, तेच घालून बसलेत. मी गेले की माणूस मोकाट सुटंल वाटलं होतं मला. हे तर आणखीनच गप झाले."

अप्पांनी श्वास रोखला होता. मागं पातेल्यातली डाळ फसफसली, वर आली, झाकण उचललं आणि ओट्यावर ओघळायला लागली. अप्पांना वास आला, चटका बसल्यागत ते आतून तडफडले, पण वळले नाहीत.

हैदराबादला मंजुश्रीबाई बोलायच्या थांबल्या. साक्षीनं काहीतरी विचारलं, त्यांनी हातानं तिला थोपवलं. चित्र अडकलेलं असेल, तर त्या चित्रात डाळ कशी उतू जाते, हे त्या बघत होत्या.

"गॅस बंद करा," शेवटी त्या म्हणाल्या.

अप्पांनी मान न वळवता हात मागं नेला आणि गॅस बंद केला.

"ऐकू यायलंय म्हणजे."

"यायलंय," अप्पा म्हणाले.

"मग बोला की."

इतके दिवस एवढा खटाटोप करून आणलेली वायर डोक्यावरच्या धुराड्यातून लोंबत होती. अप्पांनी बरंच काही बोलायचं ठरवलेलं होतं. त्यांनी पळी खाली ठेवली.

"वरण उतू गेलं," ते म्हणाले.

"दिसलं मला."

अप्पांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला सुरुवात केली. मंजुश्रीबाई बघत राहिल्या. कोपऱ्यात राहिलंय, त्या म्हणाल्या. अप्पांनी कोपरा पुसला. फोन कुणीच ठेवला नाही.

"आई, अजून अडकलेलंच आहे का?" मागून साक्षीनं विचारलं.

"न्हाई गं," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "आता सुटलं. जावईबापूंना विचार, रविवारी लातूरची गाडी किती वाजता असती."