डोंगरावरचे चौघे जखमी

"येत्या रविवारी बॅगपाइप बँडमध्ये घेतलं नाही ना, तर मी नाव बदलीन!" मर्डो मॅकास्किलनं बटाटा काट्याला टोचून जाहीर केलं.

"काय ठेवशील?" त्याची बायको आयल्सानं शांतपणे विचारलं.

मर्डोचं गोर गावात चष्म्याचं दुकान. जन्मभर लोकांना अक्षरं वाचायला लावून साठीला टेकला आणि अचानक त्याला बॅगपाइपचं वेड लागलं. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला दर दोन घरांआड एक पाइपवाला, पण मर्डोसारखा मर्डोच! पिशवी काखेत दाबली की खांद्यावरच्या तीन नळ्या तीन म्हशींसारख्या हंबरायच्या, आणि हातातली चौथी नळी शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळायची. कुत्रं पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे राहायला गेलं. शेजाऱ्यांनीही त्याला परत पाठवलं नाही. समदुःखी होते ना!

"मर्डो, डोंगरावर जाऊन वाजव रे बाबा!" एके सकाळी आयल्सा कळवळून म्हणाली.

तिनं वैतागून म्हटलेलं, पण मर्डोचे डोळे चमकले. "डोंगरावर! मोकळी हवा, छाती भरून श्वास! आयल्सा, काय डोकं आहे गं तुझं!"

आता हा माणूस आयुष्यात टपालपेटीच्या पलीकडे पायी गेला नव्हता. पण शनिवारी नवे बूट चढवून, पाठीवरच्या पिशवीत पाइप आणि मटणाचे दोन पॅटिस कोंबून स्वारी ताकितिमूच्या डोंगरात पोचली. वाटेत चार वेळा बसला, दोनदा पडला आणि एकदा मेंढीला वाट विचारली. शेवटी माथ्यावर पोचला, तर धुकं असं दाट की स्वतःचे बूट दिसेनात.

"ऐकायला कोणी नाही!" मर्डो खूश झाला आणि त्यानं पाइपची पिशवी फुगवली.

ऐकायला होतं की! खाली भटक्यांसाठी बांधलेल्या निवाऱ्यात दोघी बहिणी चहा उकळत होत्या. थोरलीच्या हातातला कप निसटला.

"अगं, कोणीतरी विव्हळतंय!"

"एक नाही, तिघं जण कण्हतायत," धाकटी कान देऊन म्हणाली. "आणि एक बाई किंचाळतेय! चौघं पडलेत कड्यावरून!"

थोरलीनं लगेच रेडिओवरून बचाव पथकाला कळवलं.

इकडे मर्डोनं मनसोक्त वाजवलं, दोन्ही पॅटिस चापले, वाजवून वाजवून थकला म्हणून खडकाच्या आडोशाला एक डुलकी काढली आणि पाइप पाठीवरच्या पिशवीत कोंबून निवांत खाली उतरला. निवाऱ्यापाशी बघतो तर ही गर्दी! लाल जाकिटं, दोर, चार स्ट्रेचर. पथकाची प्रमुख नायरी नावाची उंचीपुरी बाई. ती धावतच आली.

"तुम्ही वरून आलात? वर काय करत होता?"

"सराव करत होतो," मर्डो छाती काढून म्हणाला.

त्याचे नवेकोरे बूट बघून नायरीला तो चालण्याचा सराव वाटला. "वर चौघं जखमी आहेत. तुम्हाला रडणं, किंचाळणं, काही ऐकू आलं?"

"छे हो! सकाळपासून मी तिथंच होतो. चकार आवाज नाही!" बोलता बोलता मर्डोचा चेहरा उतरला. आपण तिथं मजेत पॅटिस खात होतो आणि चार पावलांवर चार जीव तडफडत होते! "मी येतो तुमच्याबरोबर. मला माथा ठाऊक आहे."

आणि खरोखर, गुडघे करकरत असतानाही मर्डो पथकाच्या आणि मागून निघालेल्या दोघी बहिणींच्याही पुढे चढला. हाका मारून मारून घसा बसला. उत्तर नाही.

"मघापर्यंत ओरडत होते हो," धाकटीला हुंदका आला. "आता अगदी शांत झाले."

मर्डोनंही डोळे पुसले. रोज शेकडो डोळे तपासणारा माणूस, पण आज स्वतःचे आवरेनात.

तेवढ्यात धुकं आणखी उतरलं. पथक पांगलं. नायरी शिट्टी फुंकत होती, पण वारा ती शिट्टी तोंडातून पळवून नेत होता. "आता आपलीच माणसं हरवणार!" ती पुटपुटली. "मोठा आवाज हवा, मोठा!"

"आवाज ना?" मर्डो गहिवरून म्हणाला. "तेवढं तर मी करू शकतो!"

त्यानं पाइप काढले, डोळे मिटले आणि फुंकर घातली.

"तेच! तेच ते! जिवंत आहेत!" धुक्यातून धाकटी किंचाळली. सगळीकडून बूट धडधडत आले. दोर आले, स्ट्रेचर आले, दोघी बहिणी आल्या. सगळे मर्डोभोवती गोळा झाले आणि थबकले. मर्डो डोळे मिटून वाजवतोच आहे!

नायरीनं नळ्या मोजल्या. मग रेडिओ तोंडाशी धरला. "चौघंही सापडले. प्रकृती... आहे तशीच आहे."

खाली गाड्यांपाशी आयल्सा उभी होती. बातमी ऐकून तडक आलेली. तिनं मर्डोला मिठी मारली, रडली, मग सगळा प्रकार ऐकला आणि पुन्हा रडली. पण या खेपेला पोट धरून!

रविवारी बँडच्या मास्तरांनी मर्डोला दीड ओळ ऐकलं आणि "फार थकलेले दिसता" म्हणत दार उघडून दिलं. मर्डो पाइप अडगळीत टाकायला निघाला, तोच नायरीचा फोन आला.

"काल धुक्यात पांगलेले माझे सगळे लोक तुमच्या आवाजावर गोळा झाले. आमच्या पथकात याल?"

तेव्हापासून मर्डोचा शनिवार डोंगरात जातो. दुकान बंद! पोट उतरलं, गुडघे बोलायचे थांबले. गोरबाहेरचं जग न पाहिलेला हा गडी आता नदीतून उतार शोधतो, बर्फात झोपतो आणि घरी आला की आयल्साला कड्यांची नावं पाठ म्हणून दाखवतो. दोन वाट चुकलेले विद्यार्थी आणि एक हट्टी पाद्री त्याच्या हंबरण्यावर सुखरूप परतलेत.

फक्त मागच्या महिन्यात घोटाळा झाला. इतक्या सरावानं मर्डोचा हात बसला होता. धुक्यात उभं राहून त्यानं एक धून चक्क सुरात वाजवली. हरवलेला मेंढपाळ जवळच होता, पण येईचना! शेवटी कुत्र्यांनी त्याला झुडपामागून शोधून काढलं.

"अहो, आवाज ऐकू येत नव्हता का?" नायरीनं विचारलं.

"येत होता की," तो लाजून म्हणाला. "पण मला वाटलं, कोणाचं तरी लग्न चाललंय. असा चिखलानं माखलेला, बिनबोलावता कसा येऊ?"

म्हणून आता पथकात मर्डोसाठी खास नियम आहे: कामावर असताना नीट वाजवायचं नाही.

"बघ, जमेल का?" नायरीनं काळजीनं आयल्साला विचारलं.

"जमेल गं," आयल्सा म्हणाली. "देवाची देणगी आहे त्याला!"