‘बोट चुकली तर?’ म्हणणारे हर्मनकाका

हॉलंडमधल्या आल्मेरे गावातल्या आमच्या शेजारच्या हर्मनकाकांना इथली झाडून सगळी जुनी रेल्वे स्टेशनं ओळीने पाठ होती. आगगाडी मात्र त्यांनी विसाव्या वर्षापर्यंत पाहिली नव्हती. कॅरिबियन समुद्रातलं त्यांचं बेट नकाशावर मोहरीएवढंही नाही. तिथे रूळ नाहीत, नदी नाही. पण राज्य डचांचं, म्हणून शाळेत धडा डच आगगाडीचा. "एक स्टेशन चुकलं की एक छडी, बुअरफ्राऊ!" बुअरफ्राऊ म्हणजे शेजारीणबाई. माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

बेटावर सामानाची बोट बुधवारी येई, नाहीतर येतच नसे. म्हणून इथे सुपरमार्केट दोन मिनिटांवर असूनही यांच्या घरात चौदा साबण. वर पालुपद, "बोट चुकली तर?" मी हसायचे. मग करोना आला, दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या, आणि टॉयलेट पेपर मागायला मीच त्यांच्या दारात! दोन रोल मिळाले आणि तासभर उपदेश.

त्याच वसंतात बेटाने आपली दारं बंद केली, आणि तिथे काकांची एकुलती बहीण एल्सी तापाने पडली. पासपोर्ट दोघांचाही डचच, पण विमान नाही. रोज दुपारी चारला, म्हणजे तिथल्या सकाळी, काका बाल्कनीत बसून फोन लावत. रिंग नुसती वाजत राहिली की इकडे माझी पोळी करपायची. एल्सीने उचलला की हे ओरडायचे, "सूप प्यायलीस का?" मग मी पोळी उलटायचे.

एका गुरुवारी फोन तिच्या शेजाऱ्याने उचलला. काकांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि आत गेले.

त्यांच्या बेटावर माणसाला घराच्याच अंगणात पुरतात, आणि जागा घरच्यांनी दाखवायची असते. दुसऱ्या दिवशी काका सूट-टाय घालून बाल्कनीत आले. त्यांनी फोन माझ्यापुढे केला, आणि दीड मीटर अंतराचा नियम धाब्यावर बसवून तो मी धरला. पडद्यावर तो शेजारी फावडं घेऊन उभा होता.

"भिंतीकडे सरक! अरे, आणखी!" काका खेकसले. मला रागच आला. बहीण गेली, डोळ्यांत टिपूस नाही, आणि त्या भल्या माणसावर हुकूम सोडतायत!

तोही वैतागला. "हर्मन, इकडे एवढी जागा मोकळी पडतेय. भिंतीला कशाला चिकटवतोस तिला?"

काकांनी टाय सारखा केला.

"राहू दे मोकळी," ते म्हणाले. "तिथे मी येणार आहे."