उत्तमकाकांचे वाकडे चमचे

आमच्या शेजारचे उत्तमकाका कुणाचा हात हातात आला की सोडत नाहीत. लांबून नमस्कार केलात तर वाचलात. हात पुढे केलात तर तुमची मूठ उघडतात, मिटवतात, अंगठा दाबून बघतात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये नवा भाडेकरू आला की पाणी कोणत्या दिवशी येतं ते आणि काकांचा हात, दोन्हींची कल्पना आम्ही आधीच देऊन ठेवतो.

काका शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर होते. रिटायर झाल्यावर लोक मोठा टीव्ही घेतात. काकांनी गुलमंडीतून पटाशी, चाकू आणि कानस आणली आणि जिन्याखाली बसून लाकडाचे चमचे कोरायला घेतले. मी म्हटलं, "काका, ग्राइंडर घ्या की, झटक्यात होईल." मी त्यांच्या ताटात चप्पल ठेवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जिंदगीभर मशीनची खरखर ऐकली, भाऊ. आता जरा लाकडाचं ऐकू द्या. पटाशी हातात आली की डोकं कसं थंड पडतं!"

त्यांचं थंड पडायचं. ती ठकठक ऐकून दुपारी आमचं तापायचं.

आणि चमचे तर विचारूच नका. दांडा काकडीएवढा जाड आणि तोंड रुसल्यासारखं एका बाजूला वळलेलं. आमच्या वाट्याला आला तो कडुलिंबाचा. त्यानं ढवळलेला चहा पिऊन गेलेले पाहुणे पुन्हा फिरकले नाहीत, त्याबद्दल मी काकांचा आभारी आहे. "हा पण नाय जमला, तुम्हाला ठेवा," असं म्हणून ते घरोघर एकेक चमचा देऊन जायचे. न जमलेली वस्तूच भेट देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटी एकदा मी वैतागून विचारलं, "काका, एखादा सरळ चमचा का नाही करत?"

"सरळ तर दुकानात मिळतो. तिचं मनगट वळत नाय, भाऊ. मग चमच्यालाच वळावं लागतंय. म्हणून तर सगळ्यांच्या मुठी बघत फिरतो."

'ती' म्हणजे काकू. लकवा येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात अर्धवटच चालतो. काकाच रांधतात, काकाच भरवतात. एके काळी लग्नाच्या पंगतीतही भाजीला नावं ठेवणाऱ्या काकू आता भरवतील ते मुकाट्यानं गिळतात.

"भरवणाऱ्याला कसं बोलावं, असं वाटतं तिला," काका म्हणाले. "गुमान खाती. लई वाईट वाटतं."

घरी येऊन मी तो कडू चमचा धुऊन नीट ठेवला.

परवा दुपारी आमचं दार धडाधडा वाजलं. दारात काका, डोळ्यांत पाणी.

"काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"तिनं स्वतःच्या हातानं खाल्लं, भाऊ! नव्या चमच्यानं! अन् म्हणली, वरणात मीठ नाय. मीठ नाय म्हणली!"

एवढं सांगून ते ही बातमी द्यायला वरच्या मजल्यावर पळाले. मीठ घालायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मग मीच आमच्या घरची मिठाची बरणी घेऊन काकूंकडे गेलो.

काकूंच्या अंगावर वरण सांडलं होतं. मुठीत तो जाडजूड चमचा होता. डाव्या हातानं वाटी माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "एवढे दिवस अळणीच चारलं बघा ह्यांनी!"