इलोनाआजींच्या खापरपणजोबांची फर्माईश

आरोहीच्या हळदीच्या दिवशी अख्ख्या भिसेगावात एकच माणूस सकाळपासून निश्चिंत होता, आणि तो नवरीचा बाप होता. धोक्याची पहिली खूण हीच.

प्रवीणराव रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पियानोच्या नादी लागले. नादही साधा नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या रोमँटिक काळातल्या, जगाने विसरलेल्या संगीतकारांची स्वरलिपीची पानं हुडकायची आणि सात देशांतल्या अकरा वेड्यांनी ती मोबाइलच्या ग्रुपवर एकमेकांना पाठवायची. 'रोमँटिक' शब्द ऐकून त्यांच्या पत्नीला, रूपालीकाकूंना, सुरुवातीला थोडी आशा वाटली होती. बावीस पानं ऐकल्यावर ती मावळली.

या वेड्यांत हंगेरीच्या इलोनाआजी होत्या. त्यांच्या खापरपणजोबांच्या एका रचनेचं पहिलं निम्मं त्यांच्या घरात, उरलेलं जगात कुठेच नाही. खोटं वाटेल, पण ते प्रवीणरावांना नेरळच्या भंगारवाल्याकडे सापडलं, माथेरानच्या कुठल्याशा बंगल्यातून उतरवलेल्या पियानोच्या स्टुलात. आजींचं मागणं एवढंच, की नव्वदाव्या वाढदिवशी ती एकदा अख्खी ऐकायची. वाढदिवस नेमका हळदीच्या दिवशी.

आजींनी पाठवलेल्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात खापरपणजोबांनी पेन्सिलीने एक ओळ खरडली होती. प्रवीणरावांना ती हंगेरियन ओळ वाचता येईना. पण एवढा मोठा माणूस लिहितो म्हणजे दुःखाचंच असणार, असं धरून त्यांनी डोळे मिटून, उसासे टाकत ती रचना कीबोर्डवर वाजवली, रेकॉर्ड केली, सकाळी पाठवली आणि मांडवाकडे वळले.

संध्याकाळी बेंजो पार्टी बसली. दोन गाणी झाली. तिसरं सुरू झालं आणि प्रवीणरावांचा हळद लावलेला चेहरा आतून पांढरा पडला. सूर खापरपणजोबांचे होते. फक्त चौपट वेगात, खाली ढोलकी-ताशा, आणि आत्या-मावश्यांनी पदर खोचलेले.

गर्दीतून वाट काढत ते बेंजोवाल्या किशोरच्या कानाशी गेले. "किशोर, हे काय रं?"

"तुमचीच फर्माईश, काका. सकाळी टाकलीत की हळदीच्या ग्रुपवर. लय रडकी हाय, म्हणून जरा उडती बसवली."

प्रवीणरावांनी फोन काढला. हळदीच्या ग्रुपवर त्रेचाळीस अंगठे, आणि खाली भागीआत्याचा प्रश्न: 'कोन गेलं रं?' वेड्यांचा ग्रुप मात्र कोरा. घाईघाईने थेट आजींना पाठवायला गेले, तर बोटं हळदीने आणि तेलाने माखलेली. रेकॉर्डिंग गेलंच नाही, व्हिडिओ कॉल लागला. आजी केक समोर ठेवून सकाळपासून वाटच बघत होत्या. पहिल्याच घंटीला उचलला. प्रवीणराव तोंड उघडतात तोच भागीआत्याने फोन हिसकावला.

"एकलीच का बसलीस गं बाय? ये, नाचाया ये," म्हणत तिने अख्खा मांडव फिरवून दाखवला.

फोन परत हाती आला तेव्हा आजींनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता. खांदे गदगदत होते. तेवढ्यात रेंज गेली.

प्रवीणराव खुर्चीत बसले. "नव्वद वर्षांची बाई, रूपाली. वाढदिवसालाच मारली मी."

रूपालीकाकूंनी पाणी दिलं, पण सहानुभूती राखून ठेवली. त्या रात्री प्रवीणरावांनी किशोरच्या नावासकट सगळा घोळ लिहून आजींची माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी आजींचं पत्र ई-मेलने आलं. कोपऱ्यातल्या ओळीचा अर्थ कोणी विचारलाच नव्हता, म्हणून त्यांनी तो आता आपणहून दिला होता: 'लेकीच्या लग्नात अंगणात वाजवावी. कोणी बसून राहिलं, तर वेग वाढवावा.' पुढे लिहिलं होतं, आमच्या घरी निम्मीच वाजायची, माणसं उठायच्या आत संपायची. परवा मी हसता हसता रडले, आणि काठी न घेता खुर्चीतून उठले. तुमचे उपकार कसे फेडू? सोबत खापरपणजोबांची आणखी चौदा पानं होती. वर नाव प्रवीणरावांचं नव्हतं. 'किशोर मास्तरांसाठी' असं होतं.

प्रवीणरावांनी ती छापून घेतली, वर पेढे ठेवले आणि किशोरचं दार वाजवलं. "तुझ्यामुळे म्हातारी उठली बाबा," म्हणत त्यांनी सगळं त्याच्यापुढे धरलं. किशोरने पेढा तोंडात टाकला, पानं उलटसुलट करून पाहिली.

"काका, ह्ये मला वाचता येत नाय. तुमी वाजवा, मी ऐकून बसवतो."

प्रवीणराव किशोरच्या कीबोर्डपुढे बसले. सवयीने डोळे मिटले, एक उसासा टाकला. दोन ओळी झाल्या असतील नसतील, किशोरने ढोलकी पुढ्यात ओढली.

"काका, डोळे उघडा. लगीन हाय कुनाचं तरी."