दामूनाना हर्णै बघतात

दामूनानांनी टपावर दोन थापा मारल्याशिवाय आमच्या आळीतली एकही गाडी हलत नाही. टेम्पो असो, रिक्षा असो, वऱ्हाडाची जीप असो. शेजारच्या पोरीची पाठवणी होती. मायलेकी गळ्यात पडून रडत होत्या. नानांनी टपावर थाप मारली आणि ओरडले, "पोचवायला आलेल्यांनी खाली उतरा! टाइम म्हंजे टाइम!" नवरी रडता रडता फिस्सकन हसली.

नाना लाल गाडीचे कंडक्टर म्हणून रिटायर झाले. तिसगावात त्यांची-आमची भिंतीला भिंत. नोकरी सुटली, पण सवयी काही सुटल्या नाहीत. सप्त्याच्या पंगतीतसुद्धा ते मधून फिरत म्हणणार, "पुढं सरका, मागं जागा करा." आणि लोक मुकाट्यानं ताट उचलून सरकतात!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हर्णैला जायचं ठरवलं. ड्रायव्हरसकट ठरवलेल्या गाडीत दोन जागा उरत होत्या म्हणून नानांना विचारलं. नाना म्हणाले, "समुद्रात बघायचं काय, सर? पानीच ना? मुळा धरन बघितलंय मी." तेवढ्यात नानांच्या मंडळी, हिराकाकू, आतून बाहेर आल्या. एरवी नानांसमोर त्या चार शब्द बोलत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाल्या, "आमी येतो. दोगंबी."

हर्णैत पोचलो आणि सहलीचा ताबा नानांनी घेतला. आंजर्ल्याच्या गणपतीला आमचा नमस्कार पुरता व्हायच्या आत खालून हाक आली, "चला, दर्शनवाले बसून घ्या!" दीपगृह त्यांनी बाहेरूनच उरकलं. "दिवा रात्री लागतो. दिवसा खांब बघून काय करायचं?" काकू प्रत्येक ठिकाणी म्हणायच्या, "जरा थांबू की वं." नाना "टाइम!" म्हणाले की काकू पदर सावरत गाडीकडे.

समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत तर नानांनी नावाड्यालाच बाजूला सारलं. लेकुरवाळ्या पुढं, एकटे मागं, पिशव्या मांडीवर. वाटेत डॉल्फिनची पाठ दिसली. पोरं ओरडेपर्यंत ती गडप. नाना खवळले. "हात दाखवला तरी थांबला न्हाई! रिकामी गाडी पळवली लेकानं!"

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो. बोलीचा कालवा, टोपल्यांची रेटारेटी. नानांना राहवेना. "रांग! रांग लावा!" ते गरजले. एका कोळणीनं कमरेवर हात ठेवून त्यांना खालवर न्याहाळलं. "आजोबा, मासळी घ्यायची हाय का नुसती शिस्त लावायची?" सगळं बंदर हसलं. नाना वळले आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.

शेवटी जवळच्याच मुरूडचा किनारा. सूर्य बुडायला आला होता. काकूंनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि सरळ पाण्याच्या दिशेनं चालायला लागल्या.

"अगं, जातीस कुठं? गाडी निघंल!" नाना ओरडले.

काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. "निघू द्या," म्हणाल्या.

नाना माझ्याकडे बघत राहिले. आजवर असं उत्तर त्यांना कुणा प्यासिंजरानंही दिलं नसेल.

घोट्याएवढ्या पाण्यात काकू उभ्या होत्या. लाट परत फिरली, पायाखालची वाळू निसटली आणि त्यांचा तोल गेला. मी पुढं व्हायच्या आत नाना धावले. बुटासकट, विजारीसकट. त्यांनी काकूंचा दंड घट्ट धरला.

"आवं, वाळू पळती पायाखालची!" काकू लहान पोरीसारख्या हसत होत्या.

"पळू दे. मी धरलंय."

दोघं तसेच उभे राहिले. अंधार पडायला लागला, पोरांना भूक लागली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी बोलवायला गेलो तर नाना हळू आवाजात म्हणाले, "तुमी जेवून घ्या, सर. आमी येतो चालत."

मी वळणार, तेवढ्यात नाना पुन्हा बोलले. "माझी गाडी तिसगाव स्टँडवर यायची, तवा ही डबा घिऊन उभी असायची. उन्हातान्हात. खिडकीतनं डबा दिला की काईतरी सांगायला तोंड उघडायची. आन मी घंटी मारायचो." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "काय सांगायचं हुतं, कदी इचारलंच न्हाई."

"काय न्हाई वं," काकू म्हणाल्या. "भाजी तिखट झाली, एवढंच असायचं. आता गप ऱ्हावा. मोठी लाट येतीय."

लाट आली, दोघांना गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. नानांनी काकूंच्या हातातल्या चपला आपल्या हातात घेतल्या आणि पुढच्या लाटेकडे बघत उभे राहिले.